खारं पाणी, काळी माती आणि शॉवर ट्रे

आधी निकाल सांगून टाकते, पुष्कळ जण तेवढंच वाचतात. शॉवर ट्रे, म्हणजे न्हाणीत आंघोळीच्या जागी बसवायचा काठाचा तयार तळ, घेण्यासारखी वस्तू आहे, खेड्यातल्या घरातसुद्धा. मात्र दुकानदार जो सगळ्यात आधी पुढे करतो तो घेऊ नका, आणि मिस्त्री "बसवून देतो, तुम्ही जा" म्हणाला की तिथून हलू नका. माझ्याकडून पाचपैकी चार. एक का कापला ते येईलच.

आमचं गाव अकोट तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. हा पट्टा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्याचा मुलूख, जिथे जमिनीखालचं पाणी खारं निघतं. प्यायला वान धरणाचं पाणी येतं. रोज येत नाही, आलं की सगळं गाव भांडी घेऊन नळावर. ते माठात आणि स्वयंपाकाला जातं. आंघोळ, धुणं, भांडी हे सगळं बोअरवर. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला की तो २,००० च्या पुढे जातो. साबणाला फेस नाही, केस राठ, बादलीच्या काठावर पांढरं कडं. बाथरूमच्या सामानाबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते सगळं गोड्या पाण्याच्या गावचं. इथे ते निम्मंच कामी येतं, म्हणून हे लिहिते आहे.

ट्रे कशाला, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. छोट्या हत्तीतून तो उतरताना पाहून सासूबाई म्हणाल्या, "काय वं, आंघोळीले परात आणली काय?" त्यांचं चुकत नाही. चार बाजूंनी काठ, मधे ढाळ, एका जागी भोक. आपल्या मोरीचंच काम, एका साच्यात ओतलेलं. मला ते एका साच्यातलंच हवं होतं, आणि त्याचं कारण वावरात आहे.

काळ्या मातीचं घर ज्यांनी बांधलं त्यांना हे सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये वावराला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जाईल अशा. पाऊस पडला की तीच माती फुगते. घराखालची माती काही वेगळी नसते, ती पण आत-बाहेर होतच राहते. आमच्या जुन्या न्हाणीत शहाबादी फरशी होती आणि कोपऱ्यात वीतभर कठड्याची मोरी. दिवाळीत मिस्त्री येऊन सांध्यांत पांढरं सिमेंट भरून जायचा, उन्हाळ्यात ते सांधे पुन्हा उघडे. मग आंघोळीचं पाणी त्यातून खाली. खाली माती ओली झाली की तेवढ्याच जागी फुगायची, फरशी उचलायची, सांधा आणखी फाटायचा. न्हाणीच्या पलीकडे आमचं देवघर. त्या भिंतीचे पोपडे दर वर्षी निघायचे आणि सासूबाई दर वर्षी रंगवाल्याला दोष द्यायच्या.

टाइल लावली तरी हेच. तीन फूट बाय तीन फुटांच्या मोरीत एक फुटाच्या टाइल बसवल्या तर सांध्यांची जाळीच होते, आणि त्यातला प्रत्येक सांधा कडक सिमेंटचा. ट्रेला मधे सांधाच नाही. उरतो तो भिंतीलगतचा, आणि तिथे रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन भरता येतं. शॉवर, फॅशन, टीव्हीतल्या बाथरूम, यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. मला देवघराची भिंत कोरडी हवी होती.

खरेदी अकोल्यात केली, एका जुन्या सॅनिटरीच्या दुकानात. अकोटात कमोड, बेसिन, नळ सगळं मिळतं, पण ट्रे म्हटलं की कॅटलॉग उघडतात. कॅटलॉगमधून ट्रे घेऊ नये. त्यावर उभं राहता आलं पाहिजे.

दुकानातल्या पोराने आधी दाखवला तो काळा, चकाकता, ॲक्रिलिकचा. दिसायला एकदम देखणा, साडेसात हजार. मी म्हटलं, उलटा करून दाखवा. तो मालकाच्या तोंडाकडे बघायला लागला. उलटा केल्यावर कळतं ते असं: ॲक्रिलिकचा ट्रे म्हणजे प्लास्टिकचा एक पातळ पत्रा असतो, गरम करून साच्यावर ओढलेला. त्याला ताकद येते ती मागून चढवलेल्या फायबरग्लासच्या थराने आणि तळाच्या फळीने. हा थर एकसारखा आणि जाड असेल, फळी पूर्ण तळभर असेल, तर ॲक्रिलिक मुळीच वाईट नाही. हलका असतो, पायाला गार लागत नाही, ओरखडा पडला तर पॉलिशने जातो. पण या नगाच्या मागून उजेड दिसत होता, आणि मधोमध अंगठ्याने दाबलं तर तो खाली-वर होत होता. जो अंगठ्याने दबतो तो सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाखाली रोज दबणार, आणि रोज दबला की भिंतीचा सांधा रोज फाटणार. मग मोरीत आणि त्यात फरक काय राहिला?

दुसरा प्रकार रेझिनचा. दगडाची पूड राळेत कालवून साच्यात ओततात आणि वर गुळगुळीत थर असतो. जड, एकट्याने उचलत नाही. बोटाने वाजवला तर ठक्क आवाज, पोकळ नाही. तिसरा चिनी मातीचा. कितीही घासा, त्याला काही होत नाही, पण वरून पितळेचा तांब्या पडला तर टवका उडालाच म्हणून समजा, आणि आमच्या घरात तांब्या पडत नाही असा दिवस नाही. मी रेझिनचा घेतला. जाळी आणि खालचा वेस्ट, म्हणजे भोकाखाली पाइपाला जोडायचं भांडं, धरून सतरा हजार, गाडीभाडं वेगळं. महाग आहे. हे पैसे मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अजून रुचलेले नाहीत.

दुकानातच आणखी एक तपासून घ्या. मिस्त्री प्लास्टर ओढायला वापरतात ती ॲल्युमिनियमची सरळ पट्टी मागा आणि ट्रेच्या काठांवर आडवी, उभी, तिरपी ठेवा. मला आणलेल्या पहिल्या नगाचा एक कोपरा उचललेला होता, पट्टीखालून वहीचं पुठ्ठं सरकत होतं. असा वाकडा ट्रे कितीही कसबी मिस्त्री आला तरी सरळ बसत नाही. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा काढून दिला. ही त्याची जमेची बाजू.

रंगाचं. काळा आणि दगडी करडा रंग सध्या चालतो म्हणे. आमच्या पाण्यात काळा ट्रे आठ दिवसांत पांढरा दिसायला लागेल. पांढरा घ्या. क्षार त्यावर दिसत नाहीत. हळद दिसते, तिचं पुढे सांगते.

पृष्ठभाग चकचकीत नको, खरखरीतही नको. चकचकीतावर खाऱ्या पाण्याचा साबणाचा चिकट थर बसला की पाय सरकतो. फार खोल नक्षी असली तर त्याच खाचांत क्षार भरतात आणि काथ्याने घासूनही निघत नाहीत. हात फिरवल्यावर बारीक दाणा लागेल इतपत पुरे.

आता बादलीचं गणित. हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही, कारण ट्रे बनवणाऱ्यांनी शॉवर गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे शॉवर लावला तरी आंघोळ बादलीनेच होते. आमच्या छपरावरची टाकी शॉवरच्या वर जेमतेम आठ-नऊ फूट. तेवढ्या उंचीच्या पाण्याला जोर तो किती, शॉवर नुसता ठिबकतो. मे महिन्यात तर दुपारी टाकीतलं पाणी अंग भाजेल इतकं तापतं, तेव्हा बादलीत काढून निवू द्यावंच लागतं. सासूबाई आणि मामाजी पाटावर बसून, तांब्याने. शेवटी उरलेलं पाणी एकदम अंगावर ओतायचं, ही आमच्याकडे सगळ्यांचीच सवय.

तर हिशोब असा. ट्रे ९०० मिलिमीटर बाय ९००. (दुकानात त्याला तीन बाय तीन म्हणतात, पण तो तीन फुटांना अर्धा इंच कमी असतो. टाइलवाल्याला आधी सांगून ठेवा.) एवढ्या जागेत एक सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ते आठ लिटर होतं. सोळा लिटरची बादली एकदम ओतली तर दोन सेंटिमीटर. हल्ली जे अगदी बसके, दीड इंच उंचीचे ट्रे मिळतात त्यांची आतली खोली तेवढीसुद्धा जेमतेम भरते. शॉवरच्या धारेला ती पुरते, भोक तेवढं पाणी ओढून घेतं. बादली ओतली की पाणी काठावरून थेट दारात. म्हणून मी काठ उंच असलेला घेतला. आत जवळजवळ दोन बादल्या मावतात.

पण उंच काठ म्हणजे सासूबाईंचे गुडघे. त्यावर तोड अशी काढली की जुनी फरशी तशीही फोडायचीच होती, तर आणखी खोल खणून ट्रेच अर्धा जमिनीत बसवला. बाहेरून काठ दोन बोटं वर दिसतो, आतून खोली पूर्ण. हे जमलं कारण आमच्या घराचं जोतं उंच आहे आणि मागच्या चेंबरपर्यंत पाइपाला उतार मिळत होता. दोन इंची पाइपाला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार धरावा. तेवढा मिळत नसेल तर ट्रे खाली घालू नका, चढायला पायरी करा. भिंतीला स्टीलचा दांडा मात्र दोन्ही प्रकारांत लावा, खिट्ट्या ठोकून. चोषकाने भिंतीला चिकटवायचे जे मिळतात त्यांच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला सोडू नका.

बसवणं हा खरा विषय. ट्रेची निम्मी किंमत तिथे वसूल होते किंवा बुडते.

आमचा मिस्त्री भला माणूस, आयुष्यभर मोऱ्या बांधलेला. त्याने ट्रे पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, भोकाकडं थोडासाक झुकवून देतो, पाणी मांगं नाई राहणार." मी म्हटलं, भाऊ, ढाळ त्याच्या आतच आहे, काठ चारी बाजूंनी पाणसळीत, एका पातळीत पाहिजे. त्याला पटेना. "ढाळ त द्याच लागते नं, वहिनी." शेवटी ट्रे अंगणात सपाट ओट्यावर ठेवला, पाणसळ लावून दाखवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी भोकाकडे गेलं. मग तो हसला आणि कामाला लागला. तुमच्याकडेही हा वाद होणार आहे. ट्रे बाहेरून झुकवला तर एका कोपऱ्यात आतला ढाळ संपून जातो आणि पाणी तिथेच साचतं. खाऱ्या पाण्याचं असं साचणं म्हणजे तिथे कायमचं पांढरं वर्तुळ.

खाली काय घातलं ते सांगते. काळी माती हाताच्या कोपराएवढी उकरून काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसने ठोकला, त्यावर सिमेंट-गिट्टीचा थर. तो पिकल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर चढवून. मग ट्रेखाली रेती-सिमेंटचा मसाला, एकास पाच, सगळ्या तळाला एकसारखा पसरून. मिस्त्रीच्या मनात चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून वरून दाबायचं होतं, टाइल लावतात तसं. ते अजिबात करू देऊ नका. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते आणि रेझिनसारखा कडक ट्रे पोकळीवर एक दिवस तडकतो. पायांवर उभा राहणारा ॲक्रिलिकचा ट्रे असेल तर त्याच्या पायांखाली कागदात सांगितलंय तसाच आधार द्या, तिथे मसाला भरायचा नसतो.

मसाला टाकायच्या आधी वेस्ट जोडून, ट्रे नुसता ठेवून दोन बादल्या पाणी सोडून पाहा. खालचा सांधा गळतोय हे तेव्हाच कळलं पाहिजे, नंतर ट्रे फोडल्याशिवाय हात जात नाही. आणि वेस्ट घेताना असा घ्या की जाळी उचलून आतलं भांडं वरून काढता येईल. लांब केसांच्या बायका घरात असल्यावर हे लागतंच. पाइप जिथे भिंतीतून बाहेर जातो तिथे भोवती सिमेंट ठासू नका, मोठ्या पाइपाचा तुकडा बाहीसारखा घालून मधे थोडी फट ठेवा. माती हलली की भिंत हलते, पाइप मोकळा असेल तर तुटत नाही.

टाइल ट्रेच्या काठावर उतरल्या पाहिजेत, काठाच्या मागे नाही. म्हणजे भिंतीवरचं पाणी ट्रेमध्येच पडतं. टाइल आणि काठ यांच्या मधे दोन-तीन मिलिमीटर फट, त्यात सिलिकॉन, पांढरं सिमेंट नाही. सिलिकॉनच्या नळीवर सॅनिटरी लिहिलेलं बघा, त्यात बुरशी धरू नये म्हणून औषध असतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त असतं, ते सुकताना आम्ल सोडतं आणि सिमेंटच्या पृष्ठभागाशी त्याचं नीट जुळत नाही. न्यूट्रल मिळतं, थोडं महाग, तेच घ्या. भरताना ट्रेमध्ये वजन ठेवायचं. आमच्या ह्यांना दोन भरलेल्या बादल्या देऊन आत उभं केलं आणि मिस्त्रीने भोवतीने नळी फिरवली. वजनाने फट जेवढी उघडायची तेवढी उघडते आणि त्या मापाने सिलिकॉन बसतं. रेझिनचा ट्रे फारसा हलत नाही, पण ॲक्रिलिकला हे हवंच. मग पूर्ण एक दिवस पाण्याचा थेंब नाही.

आता वापराचं. दुसरा पावसाळा तोंडावर आला आहे आणि देवघराची भिंत कोरडी आहे. ज्यासाठी सतरा हजार घातले ते काम झालं.

बाकी घरात काही नियम करावे लागले. चुलीवरून उतरवलेला गंज, म्हणजे पाणी तापवायचं पातेलं, थेट ट्रेमध्ये ठेवायचा नाही. खालून तापलेल्या, काजळी धरलेल्या भांड्याने वरचा थर करपतो, आणि ॲक्रिलिक असेल तर नरमच पडतो. पाणी विसणायचं ते बाहेर, बादलीत. ट्रेमध्ये कपडे आपटायचे नाहीत, मोगरी चालवायची नाही, धुण्याचा दगड मागच्या अंगणात आहे तो तिथेच. बादली ओढायची नाही, उचलायची. तळाला रेती चिकटलेली बादली ओढली की ओरखडा पडतोच. पाटाला खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले, सरकत नाही आणि ओरखडत नाही. रबरी मॅट टाकली तर आंघोळ झाल्यावर उभी करून ठेवा. खाली अंथरलेलीच राहिली तर तिच्याखाली असा बुळबुळीत थर साचतो की मॅट नसलेली बरी.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. दिराला आंघोळीला जाताना तोंडात खर्रा लागतो. पांढऱ्या ट्रेवर त्याचा पुरावा राहतो. मोरीत कोणाला दिसत नव्हतं, आता दिसतं, आणि ज्याचा डाग त्याने घासायचा असं ठरलं आहे. एवढ्यावरून तरी मला हा ट्रे आवडतो.

हळदीचं सांगायचं राहिलं. नणंदेच्या लग्नात हळद लागल्यावर सगळ्या पोरी तिथेच न्हायल्या. पांढऱ्या ट्रेवर पिवळे पट्टे. हळदीवर लगेच पाणी आणि भांड्याचा पातळ साबण मारला तर बरीचशी निघते. वाळली की बसते. मग खायच्या सोड्याचा लगदा करून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि मऊ कापडाने पुसायचं. उरलेला पिवळेपणा उन्हाने उडतो, म्हणून खिडकीशी ट्रे असेल तर फार काळजी करू नका. मेंदी आणि केसांचा काळा रंग मात्र लगेच धुवा. दिवाळीच्या उटण्याला काही होत नाही, फक्त त्याचा चोथा जाळीत अडकतो. रंगवाले घरी आले तर त्यांना ब्रश ट्रेमध्ये धुऊ देऊ नका. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं पाणी हे ॲक्रिलिकचे वैरी, चमक गेली की परत येत नाही.

खाऱ्या पाण्याचा पांढरा थर दोन जातींचा असतो, हे मला ट्रे आल्यावर नीट कळलं. एक नुसतं मीठ, पाणी वाळल्यावर मागे राहिलेलं. ते ओल्या फडक्याने जातं. दुसरा चुन्याचा, तो पाण्याने हलत नाही, घासला तर ट्रेच घासला जातो. त्याला आंबट लागतं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, पांढरे दाणे, ते दोन चमचे एका लिटर कोमट पाण्यात विरघळवायचं, फडकं भिजवून डागावर अंथरायचं. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे चुना विरघळतो आहे. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. रात्रभर ठेवायचं नाही, टाइलच्या सांध्यांतलं सिमेंटही चुन्याचंच असतं. मी हे रविवारी करते. रोज मात्र शेवटी जो न्हाईल त्याने वायपर मारायचा. पाणी वाळू दिलंच नाही तर थर धरणार कशाचा? घरात गोडं पाणी साठवलेलं असेल त्या दिवशी शेवटचा एक तांब्या त्याचा फिरवते. सासूबाईंना ते पाप वाटतं. त्यांनी डोक्यावर हंडे वाहिलेत, त्यामुळे मी वाद घालत नाही, त्या देवळात गेल्या की फिरवते.

बाजारात बाटलीत मिळतं ते बाथरूमचं ॲसिड या ट्रेवर नाही म्हणजे नाही. ते हायड्रोक्लोरिक असतं. चुना खातं, सोबत सांध्यांचं सिमेंट खातं, जाळीचा आणि नळाचा मुलामा खातं. त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या खेड्यांत घरोघरी टीसीएल पावडर असते, विहिरीत टाकायची ती. बुरशी जावी म्हणून कोणी ती न्हाणीत शिंपडते आणि वरून ॲसिड ओतते. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. दोन्ही एका दिवशी तर नकोच, एका कपाटातसुद्धा ठेवू नका.

बारीक ओरखडे ॲक्रिलिकवर पडले तर गाडीच्या पॉलिशने मऊ कापडाने गोल गोल घासून जातात. माझ्या रेझिनच्या ट्रेवर बादलीचा एक ओरखडा आहे, वरच्यावर आहे, मी त्याला हात लावलेला नाही. खोल टवका असेल तर भरायचं सामान वेगळं मिळतं, त्याआधी पाणी आत मुरू देऊ नका.

उन्हाळ्यात माहेरी जाऊन आलं की न्हाणीत वास येतो आणि झुरळं दिसतात, ही तक्रार ट्रेवाल्या आणि बिनट्रेवाल्या दोघांचीही असते. भोकाखालच्या भांड्यात पाच सेंटिमीटर पाणी कायम उभं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते वाळून जातं. निघताना तांब्याभर पाणी ओता, शेजारणीला किल्ली देऊन जा.

आता कापलेला गुण. जाळी. ट्रे बनवणाऱ्यांनी सतरा हजारांच्या वस्तूवर प्लास्टिकची, वरून स्टीलसारखा मुलामा दिलेली जाळी दिली. पहिल्याच वर्षी खाऱ्या पाण्याने मुलामा सोलला, आता तिच्या कडा बोटाला लागतात. वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरांत लिहिलंय की क्षारांमुळे झालेलं नुकसान धरत नाही. बरं, विकत घ्यायला जावं तर त्या मापाची सुटी जाळी कोणाकडे नाही, अख्खा वेस्टच घ्या म्हणतात. दुकानदाराने फोन उचलला, मागवतो म्हणाला, अजून मागवतोच आहे. तोपर्यंत अकोटच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलची गोल चकती भोकं पाडून घेतली, ती चालते आहे. तुम्ही घेताना खरी स्टीलची जाळी आहे का ते लोहचुंबकावर ठरवू नका, चांगल्या स्टीलला बहुधा लोहचुंबक चिकटत नाही. वजन बघा, आणि एक जादा जाळी त्याच दिवशी मागून घ्या.

भाड्याच्या घरात किंवा पहिल्या मजल्यावर, जिथे खाली मुरूम भरायचा प्रश्नच नाही, तिथे रेझिनचा जड ट्रे घेण्यात अर्थ नाही. चांगला ॲक्रिलिकचा पुरतो. जिथे दहा माणसं आहेत आणि धुणंही न्हाणीतच होतं तिथे मोरीच बरी.

मोठ्या जाऊबाईंना आता हा ट्रे हवा आहे. त्यांची मोरी मी मोजली. विटेपासून विटेपर्यंत बत्तीस इंच, म्हणजे ८१३ मिलिमीटर. ८०० चा ट्रे कागदावर बसतो. पण दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच प्लास्टर आलं की राहतात ७८८ च्या आसपास, आणि ट्रे प्लास्टरच्या आत यायला हवा. एका भिंतीचं प्लास्टर टाचून काठ आत घालता येईल, पण ती भिंत त्यांच्या धान्याच्या कोठीची आहे. भाऊजी तिला हात लावू देणार नाहीत. त्यांना मी सिलिकॉनची एक नळी आणि लिंबूसत्त्वाचं पाकीट देऊन आले.